बारीक छिद्राची मर्यादा

पूर्वी हिऱ्याचा ग्राहक पेढीवर बसून, डोळ्याला भिंग लावून पारख करीत असे. आज परगावचा ग्राहक पुष्कळदा छायाचित्र पाहूनच पहिला निर्णय घेतो. अशा वेळी हिऱ्याच्या पोटातील केसासारखी रेघ छायाचित्रात उमटली नाही, तर प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. तो व्यापारातील विश्वासाचा होतो.

अगदी जवळून छायाचित्र घेताना हिऱ्याचा वरचा पैलू स्पष्ट येतो आणि खालचा धूसर. यावर रूढ उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र लहान करणे. एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान आणि तितकी स्पष्टतेची खोली अधिक. परंतु प्रकाश तरंगरूप आहे. लहान छिद्रातून जाताना तो पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता चकती होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचे गणित मांडले.

हिरव्या प्रकाशात या चकतीचा व्यास एफ ८ वर सुमारे ११ मायक्रॉन, तर एफ १६ वर सुमारे २१ मायक्रॉन असतो. हिरा सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढा उमटवला, तर एफ १६ चे छिद्र प्रत्यक्षात एफ ३२ सारखे वागते आणि चकती ४३ मायक्रॉनपर्यंत वाढते. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, २४ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे चकती ७ पिक्सेल व्यापते. बारीक रेघ तिच्यातच विरून जाते.

मग ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा काय? त्याने चित्र बिघडत नाही. परंतु तीच चकती आता सुमारे १० पिक्सेल व्यापते. फाइल मोठी होते, तपशील फारसा वाढत नाही.

खरा उपाय संयमाचा आहे. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवावा, छिद्र एफ ५.६ च्या आसपास राखावे आणि फोकस थोडा थोडा सरकवीत अनेक छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकातील स्पष्ट भाग संगणकावर जोडला जातो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. तरीही हिऱ्याच्या शुद्धतेची श्रेणी १० पट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखालीच ठरते. छायाचित्राने त्या पारखीची जागा घेऊ नये. तिच्याशी प्रामाणिक मात्र राहावे.