मसल कारचा भाडेकरार : क्लच हवा की ऑटोमॅटिक?

विशेष प्रतिनिधी

अमेरिकी मोटारउद्योगातील एका युगाची आवराआवर आता जवळजवळ पूर्ण झाली आहे. डॉज कंपनीची चॅलेंजर २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि शेव्हर्लेच्या कॅमॅरोनेही त्याच सुमारास निरोप घेतला. डॉजच्या नव्या चार्जरमध्ये व्ही-८ ऐवजी सहा सिलिंडरचे इंजिन आले आणि तिला क्लच मिळालाच नाही. कॉर्व्हेटने तर २०२० च्या आवृत्तीपासूनच हाताने गिअर बदलण्याची सोय काढून टाकली होती. आठ सिलिंडरचे इंजिन, दोन दारे आणि पायाखाली क्लच असे जुन्या डेट्रॉइटचे त्रिकूट नव्या गाडीत हवे असेल, तर आज फोर्ड मस्टँगवाचून फारसा पर्याय उरलेला नाही. त्यातही चार सिलिंडरच्या मस्टँगचा क्लच २०२४ च्या आवृत्तीत गेला. तो राहिला आहे केवळ ‘जीटी’ आणि तिच्यावरच्या ‘डार्क हॉर्स’मध्ये.

अशी गाडी घेणाऱ्यांत ती विकत न घेता लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर घेणारेही बरेच असतात. तीन वर्षे वापरायची, दरमहा हप्ता भरायचा आणि मुदत संपली की किल्ली परत करायची, असा हा व्यवहार. त्यामुळे मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा प्रश्न एरवी आवडीनिवडीचा असला, तरी लीजच्या कागदांवर त्याला निराळाच अर्थ येतो. कारण तेथे आपण गाडीची किंमत भरत नसतो, तिच्या किमतीत होणारी घट भरत असतो.

हे गणित समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. करार करतानाच भाडेकंपनी गाडीची मुदतीअखेरची किंमत ठरवून टाकते. तिला ‘रेसिड्युअल’ म्हणतात आणि ती छापील किमतीच्या टक्केवारीत मांडली जाते. ठरलेला भाव आणि ही उरलेली किंमत यांतील फरक महिन्यांच्या संख्येने भागला की हप्त्याचा मुख्य भाग निघतो. दुसरा भाग व्याजाचा. तो ‘मनी फॅक्टर’ नावाच्या एका बारीक अपूर्णांकात दडलेला असतो आणि त्याला २४०० ने गुणले की वार्षिक व्याजाचा दर कळतो. अमेरिकेतील १९७६ च्या ग्राहक भाडेकरार कायद्यानुसार ग्राहकाला अनेक आकडे लेखी द्यावे लागतात. पण व्याजाचा हा दर त्या सक्तीत येत नाही. व्याजाची एकूण रक्कम तेवढी डॉलरमध्ये दिसते. विक्रेते याचा लाभ उठवत नसतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. छापील किंमत ५० हजार डॉलर, घासाघीस करून ठरलेला भाव ४८ हजार, ३६ महिन्यांनंतरची किंमत ५५ टक्के म्हणजे २७ हजार ५०० आणि मनी फॅक्टर ०.००२५, म्हणजे सहा टक्के व्याज. घटीचा मासिक भाग ५६९ डॉलर आणि व्याजाचा १८९ डॉलर मिळून करांखेरीज हप्ता ७५८ डॉलरच्या घरात जातो. ही झाली मॅन्युअल गाडी. मस्टँग जीटीवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हवा असल्यास वेगळे पैसे पडतात. येथे ते १,६०० डॉलर धरू. गाडी विकत घेणाऱ्याच्या खिशातून ही सारी रक्कम जाईल. लीजवाल्याला मात्र त्यातील ५५ टक्के रेसिड्युअलच्या रूपाने वगळून मिळतात. महिन्याला २० डॉलर घट आणि सहा डॉलर व्याज असे जेमतेम २६ डॉलर वाढतात. तीन वर्षांत सुमारे ९४०.

वरवर पाहता मॅन्युअल स्वस्त ठरली. पण भाडेकंपनीने दोन्ही प्रकारांना सारखीच टक्केवारी दिली आहे, हे त्यामागचे गृहीत आहे. पुष्कळदा ते खरे असते; नेहमीच असते असे नाही. मॅन्युअलची टक्केवारी ५५ ऐवजी ५३ धरली, तर मुदतीअखेरची किंमत एक हजार डॉलरने उतरते आणि हप्ता महिन्याला २५ डॉलरने चढतो. केवळ दोन टक्क्यांच्या फरकाने सारी बचत गिळून टाकली! म्हणून गिअरबॉक्सची जादा किंमत विचारण्याआधी दोन्ही प्रकारांची रेसिड्युअल टक्केवारी विचारणे अधिक शहाणपणाचे. शिवाय जाहिरातींतल्या आकर्षक योजना बहुधा विक्रेत्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांवर असतात आणि तेथे ऑटोमॅटिक गाड्यांचीच गर्दी असते. मॅन्युअल मागवून घ्यायची म्हटले की घासाघिशीची धार बोथट होते.

अंगणातल्या या गर्दीमागे इतिहास आहे. १९६४ ची पॉन्टिऍक जीटीओ ही मसल कारच्या वंशाची मूळपुरुष मानली जाते. त्या काळच्या दोन-तीन गिअरच्या ऑटोमॅटिक यंत्रणा इंजिनाची बरीच ताकद वाटेतच खात असत. वेगाचा शौकीन त्यांच्याकडे फिरकतही नसे. पुढे चित्र पालटले. फोर्ड आणि जनरल मोटर्स या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन दहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स तयार केला आणि तो मस्टँग व कॅमॅरो या दोन्ही गाड्यांत बसला. आज सरळ रेषेतल्या शर्यतीत चांगला ऑटोमॅटिक बॉक्स निष्णात चालकालाही मागे टाकतो. ७०७ अश्वशक्तीची चॅलेंजर हेलकॅट बाजारात आली तेव्हा दोन्ही पर्याय होते. २०१८ ची ८४० अश्वशक्तीची ‘डीमन’ आणि २०२० ची ७६० अश्वशक्तीची शेल्बी जीटी ५०० यांना मात्र क्लचचे पेडलच नव्हते. ताकद जसजशी वाढत गेली, तसतसा माणसाचा डावा पाय कामातून गेला. अमेरिकेत १९८० मध्ये नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश मॅन्युअल होत्या. आता हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

मग मॅन्युअलची बाजू घेणारे कशाच्या बळावर बोलतात? वेगाचा मुद्दा ते सोडून देतात आणि ते योग्यच आहे. ४८० अश्वशक्तीचे इंजिन अमेरिकेच्या सार्वजनिक रस्त्यांवर कायद्यात राहून पूर्ण वापरताच येत नाही. तेव्हा गाडी उभ्यावरून साठ मैलांचा वेग चार सेकंदांत गाठते की साडेचार, याचे मोल किती? त्यापेक्षा मंद वेगातही चालकाच्या हाताला काम उरते, यातच त्यांना आनंद वाटतो. हा युक्तिवाद भावनेचा असला तरी पोकळ नाही. मात्र गाडी रोज कोणत्या रस्त्यावर धावणार आहे, हे त्याला जोडून विचारले पाहिजे. सॅन होजेच्या परिसरात किंवा न्यू जर्सीत कामाला जाणाऱ्याच्या वाट्याला सकाळ-संध्याकाळ इंचाइंचाने सरकणारी वाहतूक येते. समोरच्या गाडीमागे आपोआप थांबणारी आणि पुन्हा निघणारी क्रूझ कंट्रोलची सोय क्लचच्या गाडीत मिळत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावर तासभर क्लच दाबलेल्या मुंबईकराला याहून अधिक सांगायला नको. आपल्याकडेही २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत स्वस्त ऑटोमॅटिकची सोय दिली, तेव्हा तिला मिळालेल्या प्रतिसादामागे हाच दुखरा पाय होता.

क्लचच्या झिजेची भीती मात्र अकारण मोठी केली जाते. क्लच ही झिजणारी वस्तू असल्याने ती सहसा हमीत बसत नाही आणि ताकदवान गाडीचा क्लच बदलायचा तर खर्च हजार डॉलरच्या पुढे जातो, हे खरे. पण लीजमध्ये वर्षाला दहा, बारा किंवा पंधरा हजार मैलांची मर्यादा असते. जाणत्या चालकाच्या हाती तेवढ्या अंतरात क्लच संपत नाही. नवशिक्या हाताखाली मात्र तो एका उन्हाळ्यातही जळू शकतो आणि परत करताना गाडी क्लच घसरवत चालत असेल, तर बिल आपल्यालाच येणार. खरा चोरखड्डा टायरांचा. मसल कारचे रुंद, मऊ रबराचे मागचे टायर भराभर झिजतात आणि त्यांवर ठरावीक खोलीची नक्षी शिल्लक नसेल, तर गाडी परत घेताना कंपनी नव्या टायरांचे पैसे लावते. हा खर्च क्लच असो वा नसो, दोघांनाही चुकत नाही. हप्त्याच्या हिशेबात तो कोणी धरत मात्र नाही. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक मैलाचे सेंटही असेच शेवटी वसूल होतात.

विम्याकडेही पाहावे लागते. भाडेकंपन्या सहसा कायद्याच्या किमान रकमेपेक्षा मोठा विमा मागतात, आणि या वर्गातल्या गाड्यांवर चोरांचा डोळा असतो. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत चार्जर हेलकॅटच्या चोरीच्या दाव्यांचे प्रमाण सर्वसाधारण गाडीच्या तुलनेत सुमारे ६० पट आढळले होते. गाडी गेली आणि विम्याची रक्कम कराराच्या देण्यापेक्षा कमी भरली, तर मधला फरक भरून देणारा ‘गॅप’ विमा करारात अंतर्भूत आहे की नाही, हे आधीच वाचलेले बरे. क्लच हेच चोराविरुद्धचे उत्तम कुलूप, असा विनोद अमेरिकेत प्रचलित आहे. विमा कंपनी विनोदावर सवलत देत नाही.

येथपर्यंतचा हिशेब कोणत्याही अमेरिकी ग्राहकाला लागू पडतो. पण तेथे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांपुढे आणखी एक प्रश्न असतो. पुण्या-नाशिकात क्लच-गिअरवरच गाडी शिकलेल्या या पिढीला उजव्या हाताने गिअर टाकण्याची सवय चार दिवसांत होते; अडचण तेथे नसते. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमानुसार नवी नोकरी शोधण्यास किंवा देश सोडण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि भाडेकरार मात्र ३६ महिन्यांचा असतो. मुदतीआधी करार मोडल्यास कराराचे उरलेले देणे आणि गाडीला लिलावात आलेली किंमत यांतला फरक मागितला जातो. तो हजारो डॉलरचा असू शकतो. काही कंपन्या करार दुसऱ्याच्या नावे करू देतात. पण त्यासाठी तो दुसरा मिळावा लागतो. ऑटोमॅटिक गाडीचा करार उचलणारा कोणीही असू शकतो. मॅन्युअलसाठी आधी क्लच येणारा आणि त्यातही क्लच हवासा वाटणारा माणूस गाठावा लागतो, तोही दोन महिन्यांच्या आत. हौशी मंडळींत असे गिऱ्हाईक असते. घाईच्या वेळी ते जवळपास असेलच याची खात्री कोण देणार? ज्याच्या व्हिसाची मुदत आणि नोकरी दोन्ही डळमळीत आहेत, त्याने क्लचच्या मोहात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किंबहुना त्याने या वर्गाच्या गाडीचा तीन वर्षांचा करारच दोनदा तपासून पाहावा.

ज्याचा मुक्काम पक्का आहे, त्याच्या दृष्टीने पारडे दुसरीकडे झुकते. बहुतेक करारांत मुदतीअखेर गाडी रेसिड्युअलच्या किमतीला विकत घेण्याचा हक्क असतो. बाजारभाव त्याहून खाली गेला असेल तर किल्ली परत करायची. वर गेला असेल तर गाडी ठेवायची. तोटा कंपनीचा, नफा आपला. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईने जुन्या गाड्यांचे भाव कडाडले, तेव्हा अनेकांना हा हक्क सोन्यासारखा ठरला. त्या काळात कित्येक भाडेकंपन्यांनी बाहेरच्या विक्रेत्याला परस्पर गाडी विकण्यावर बंदी आणली, ती याच कारणाने. आता व्ही-८ आणि क्लच असलेली नवी गाडी दुर्मीळ होत असताना तीन वर्षांनी तिला हौशी बाजारात काय भाव येईल, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण भाडेकंपनीने मॅन्युअलची किंमत कमी धरली असेल आणि बाजाराने ती जास्त धरली, तर महिन्याला मोजलेले जास्तीचे २५ डॉलर ग्राहकाला भरून मिळतात. अट एकच : त्या वेळी गाडी ठेवून घेण्याइतकी रक्कम किंवा कर्जाची पत हाताशी हवी. वरच्या उदाहरणात ५३ टक्क्यांनी हा आकडा २६ हजार ५०० डॉलर येतो आणि तो पहिल्याच दिवशी करारात छापलेला असतो.