जनुकाचा अहवाल आणि त्यावरील आकडा

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आले. वय ४८, मातोश्रींना स्मृतिभ्रंश. 'एपीओई ई-४, दोन प्रती' असे लिहून पुढे जोखमीचा आकडा ठळक छापला होता. तीन महिने पुरतील इतक्या ब्राह्मीच्या गोळ्या त्यांनी औषधालयातून आधीच घेतल्या होत्या.

अशा वेळी औषधयोजनेपूर्वी त्या आकड्याची परीक्षा करणे हे आम्ही वैद्याचे कर्तव्य मानतो. तो कोणत्या लोकांवरून काढला? ई-४ व अल्झायमर यांचा संबंध १९९३ साली पुढे आला. १९९७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, ई-३ च्या दोन प्रती असणाऱ्यांच्या तुलनेत, ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्या युरोपीय वंशीयांत रोगसंभवाचे गुणोत्तर सुमारे १५, जपान्यांत ३३, तर आफ्रिकी-अमेरिकनांत सुमारे ६ आढळले. जनुक तेच, फळ निराळे! याचे एक कारण अलीकडे उलगडू लागले आहे. २०१८ च्या अभ्यासात ई-४ भोवतीचा गुणसूत्रखंड आफ्रिकी पूर्वजांकडून आलेला असल्यास जोखीम कमी दिसली. २०२१ मध्ये मेंदूच्या पेशी तपासल्या असता युरोपीय खंडावरील ई-४ अधिक कार्यरत आढळला. म्हणजे जनुक किती बोलणार, हे त्याच्या शेजारचा वारसाही ठरवितो.

आमचे काही मित्र लगेच म्हणतील, की चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात कुलप्रसक्ता, देशानुपातिनी प्रकृती सांगून हे लिहूनच ठेवले आहे. हा उत्साह आम्हांस मान्य नाही. ती रुग्णपरीक्षेची दृष्टी आहे, जनुकनियमनाचा शोध नव्हे. मात्र 'हा आकडा कोणत्या कुलाचा, कोणत्या देशाचा?' हा प्रश्न तरी आपणांस इतरांआधी सुचावयास हवा होता.

'हे पाश्चात्त्यांचे दुखणे' असे सांगून रुग्णास निश्चिंत करणेही चूकच. हरियाणातील बल्लभगढच्या अभ्यासात ई-४ पेनसिल्व्हानियातील लोकांपेक्षा कमी आढळला, तरी रोगाशी त्याचा संबंध तेथेही होताच.

औषधालयचालक बंधूंना एकच विनंती. मंडूकपर्णी, शंखपुष्पी आम्हीही देतो. परंतु 'जनुकदोषावर' म्हणून त्यांची विक्री करू नये. त्या गृहस्थांचा रक्तदाब त्या दिवशी १६०/१०० भरला. दोन वर्षांत तो कोणी मोजलाच नव्हता.