दुर्ग आणि पेठ

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचे नाव विजयदुर्ग झाले आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजास शिवाजी द्वार म्हणू लागले, ही वार्ता २०२५च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांतून आली, तेव्हा मराठी मनाला आनंद व्हावा हे स्वाभाविकच होते. त्या आनंदाला इतिहासाचाही आधार आहे. १७५६च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी, पेशव्यांशी संधान बांधून, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. पुढच्या वर्षाच्या जानेवारीत याच दोघांनी सिराजउद्दौल्याच्या हातून कलकत्ता परत मिळवले. आणि प्लासीच्या विजयानंतर क्लाइव्हने गोविंदपूर हे गाव उठवून त्या जागी जो नवा अष्टकोनी कोट १७५८ साली आरंभिला आणि जो १७८१ साली पुरा झाला, तोच हा किल्ला. कोकणचा विजयदुर्ग ज्याने पाडाव केला, त्यानेच घातलेल्या कोटावर अडीचशेहून अधिक वर्षांनी विजयदुर्गाचे नाव चढावे, हा काळाने दिलेला निवाडाच म्हटला पाहिजे.

तथापि या किल्ल्यात सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असल्याने आपल्यासारख्या सामान्य प्रवाशाला आत मुक्तद्वार नाही, आणि दरवाजाबाहेर उभे राहून भिंतीकडे पाहत राहण्याने जो अभिमान वाटतो तो फार वेळ टिकत नाही. म्हणून मी मैदान ओलांडून शहराकडे वळलो, आणि पुढले तीन दिवस धर्मतळ्यापासून बडाबाजारापर्यंतच्या पेठांतून पायी हिंडलो. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांना राज्याचे सार मानले आहे हे आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्याच ग्रंथात साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे, दूरदूरचे व्यापारी आणून पेठा वसवाव्यात, त्यांना जागा द्यावी, कोणाचा उपद्रव लागू देऊ नये, असा त्याचा आशय आहे, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. फोर्ट विल्यमला आपण दुर्गाचे नाव दिले. त्या दुर्गाच्या छायेत वाढलेल्या पेठांकडून काय घ्यावे, हा माझ्या दृष्टीने आजचा खरा प्रश्न आहे.

प्रथम एक ऋण मान्य केले पाहिजे. १७४२ साली रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालच्या मुलखात उतरले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल काम झाले, आणि मराठे शहरावर आलेच नाहीत. तो अपुरा खंदक पुढे १७९९ साली बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली मात्र अजून आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा आपला बारगीर बंगाली भाषेत ‘बर्गी’ झाला, आणि मुलांना निजवताना म्हटल्या जाणाऱ्या अंगाईगीतात भयाचे रूप घेऊन बसला. ज्या शहराने आपल्या धास्तीने खंदक खणला त्याच शहरात मला कोणी ‘गाव कुठले’ असे विचारले आणि मी महाराष्ट्र म्हणालो, तेव्हा पुढे आला तो चहाचा भांड, म्हणजे मातीचा लहानसा कुल्हड. या आतिथ्याची किंमत खंदकाचा इतिहास जाणणाऱ्यालाच कळेल.

टिरेट्टा बाजार पहावयाचा असेल तर पहाटे उठावे लागते. पोद्दार कोर्टाच्या मागे उजाडण्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला टोपली आणि पातेली मांडली जातात, झाकण उचलताच वाफेचा लोट उठतो, आणि मोमो, वाफवलेले बाओ, शुमई, माशाच्या गोळ्यांचे सूप असा फराळ आठ-साडेआठपर्यंत विकून संपतो. एडवर्ड टिरेट्टा नावाच्या व्हेनिसच्या गृहस्थाचे नाव या बाजाराला आहे, आणि येथील चिनी वस्तीची परंपरा आछू नावाच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचते, ज्याला वॉरन हेस्टिंग्जच्या अमलात बजबजजवळ हुगळीकाठी साखरेच्या कारखान्यासाठी जमीन मिळाली. आपल्या जुन्या दफ्तरी परिभाषेत सांगावयाचे तर तो कौलच होता: ओसाड जागी येऊन वस्ती कर, तुला अभय आहे. त्या गावाला आजही आछीपूर म्हणतात, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक तेथे दर्शनास जातात. पुढे सुतार, चर्मकार, दंतवैद्य आले. बेंटिंक स्ट्रीटवर चिनी जोड्यांची दुकाने लागली. हक्का लोकांनी टेंगऱ्यास चामडे कमावण्याचे कारखाने काढले. तेथील चिनी कालीमंदिरात नूडल्सचा प्रसाद मिळतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही गाडीवाला फलकावर ‘हक्का नूडल्स’ असे लिहितो, पण हक्का हे एका जमातीचे नाव आहे, आणि ती जमात आपल्या देशात दोन शतके नांदली आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? मुंबईत १९७५च्या सुमारास ‘मांचुरियन’ प्रथम सिद्ध करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते नेल्सन वँगही कोलकात्यातच जन्मलेले.

परंतु या पेठेतील कौल एकदा मोडला गेला. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांत बायका, मुले आणि वृद्धही होते, राजस्थानातील देवळी येथे छावणीत नेऊन ठेवले. काहींची सुटका व्हावयास वर्षे लागली. परत आलेल्यांपैकी अनेकांची घरे आणि दुकाने हातची गेली होती, आणि ज्यांना जमले त्यांनी कॅनडाची वाट धरली. टिरेट्टा बाजारात आज पातेल्यामागे चिनी चेहरे थोडेच दिसतात. ज्यांनी कोणताही अपराध केला नव्हता त्यांना केवळ वंशावरून परके ठरवल्याचे हे फळ आहे, आणि ते पाहून मला या सबंध प्रवासात सर्वांत अधिक लज्जा वाटली. एका सरकारी हुकुमाने जे उठले ते पुन्हा बसवावयास कोणतेही सरकार समर्थ ठरलेले नाही.

धर्मतळ्याजवळचा न्यू मार्केट, ज्याला हॉग मार्केट असेही म्हणतात, १८७४च्या जानेवारीत उघडला. त्यात नाहूम हे बगदादी ज्यू कुटुंबाचे बेकरीचे दुकान आहे. धंदा १९०२ साली आरंभला आणि १९१६पासून या जागी आहे. जुन्या लाकडी-काचेच्या कपाटांत मनुकांचा केक, बदामाचे पदार्थ आणि चीजचे समोसे मांडलेले असतात, आणि नाताळात येथे ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सर्वांची रांग लागते. १७९८ साली अलेप्पोहून आलेल्या शालोम कोहेनपासून वाढलेली ही ज्यू वस्ती एके काळी काही हजारांची होती. आज ती वीस-पंचवीस माणसांपलीकडे नाही. १८८४ साली बांधलेल्या मागेन डेव्हिड सिनेगॉगची देखभाल मुसलमान सेवक पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. कोकणच्या शनवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्रायलांना, शेजारी म्हणून ओळखणाऱ्या मराठी माणसाला यात विचित्र काही वाटू नये.

तेथून चितपूर रस्त्याने उत्तरेस गेले की झकेरिया स्ट्रीट लागतो. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी १९२६ साली पायाभरणी केलेली नाखोदा मशीद येथेच आहे. नाखोदा म्हणजे गलबताचा धनी, आणि आपल्या कोळीवाड्यांतील ‘नाखवा’ हा त्याच शब्दाचा सख्खा भाऊ. रमजानच्या दिवसांत या रस्त्यावर हलीम, शिरमाल, बाकरखानी, शेवया यांची जी पंगत लागते तिचा उगम मात्र एका दुःखद कहाणीत आहे. अयोध्येचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली मटियाबुर्जास येऊन राहिला, आणि पुढल्याच वर्षी, उठावाच्या धामधुमीत, इंग्रजांनी त्याला याच फोर्ट विल्यममध्ये दोन वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले. राज्य गेले, तख्त गेले, पण त्याच्याबरोबर आलेले बावर्ची राहिले, आणि कोलकात्याच्या बिर्याणीत जो अखंड बटाटा असतो तो त्यांच्याच पाककलेचा वारस होय. दारिद्र्यामुळे मांसाऐवजी बटाटा आला असे कोणी म्हणतात. त्या काळी बटाटाच अपूर्वाईची वस्तू होती असे नवाबाचे वंशज सांगतात. किल्ल्याने ज्याला कोंडले, पेठेने त्याच्या चवीला घर दिले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

आर्मेनियन स्ट्रीटवरील नाझरेथचे चर्च १७२४चे, शहरातील सर्वांत जुने. आणि बंगाली घरांतील पडवळासारख्या छोट्या पटोलात सारण भरून केलेला ‘दोरमा’ हा आर्मेनियनांच्या दोलम्याचाच अवतार, असे जाणकार मानतात. आपण ज्याला पाव म्हणतो त्याला बंगाली माणूस पाउरुटी म्हणतो, आणि दोघांनीही तो पोर्तुगीजांकडून घेतला. स्वयंपाकघर हे कोणत्याही समाजाचे सर्वांत जुने दफ्तर असते. कोण कोठून आला, किती दिवस राहिला आणि काय ठेवून गेला, याच्या नोंदी तेथे सनदांपेक्षाही अधिक विश्वासाने जपल्या जातात.

आणि या दफ्तरात आपलेही नाव आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी माळावरून निघालेले गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करणारे कारागीर, देशभर पसरले तसे कोलकात्यासही आले. बडाबाजाराच्या सोनापट्टीतील एका अरुंद जिन्याच्या वर भट्टीजवळ बसलेल्या अशाच एका वयस्क गृहस्थांनी माझी मराठी ऐकताच मुशीवरून नजर उचलली आणि म्हणाले, “या पाव्हणं, गाव कंचं?” दुपारी त्यांनी मला जेवावयास ठेवून घेतले. ताटात बाजरीची भाकरी होती, खर्डा होता, आणि शेजारच्या वाटीत शोर्षे म्हणजे मोहरीच्या वाटणातले मासे होते. “आमच्या मंडळींनी हितल्या शेजारणीकडनं शिकलं,” असे त्यांनी सहज सांगितले. त्यांची मुले शाळेत बंगाली बोलतात, गणपतीला हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात जातात, आणि गावच्या जत्रेला विट्याकडची गाडी पकडतात. मराठी कुळातील सखाराम गणेश देउस्करांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहून त्या प्रांताला स्वदेशीचा विचार दिला. आणि विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले ते श्रीरामपूरच्या छापखान्यातून, फोर्ट विल्यम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी. आपली माणसे आणि आपली भाषा, दोघांनीही या मुलखाचे मीठ खाल्ले आहे.

यावर कोणी म्हणेल की परप्रांतीयांच्या लोंढ्याने स्थानिकांच्या पोटावर पाय येतो, आणि ही चिंता केवळ द्वेषातून उपजते असे मी मानत नाही. तुटपुंज्या जागेत आणि थोड्या रोजगारात दोघांना राहावयाचे असले की घर्षण होतेच. कोलकात्याच्या पेठाही निष्कलंक नाहीत. १९४६च्या ऑगस्टमध्ये याच गल्ल्यांतून रक्त वाहिले आहे. पण अमात्यांनी एक भेद मोठ्या दूरदृष्टीने सांगितला होता. साहुकाराला पेठेत बसवा, असे सांगणारा तोच ग्रंथ टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सावध करतो, कारण त्यांच्या व्यापारामागे राज्याचा लोभ असतो. त्यांना समुद्रकाठी पक्की इमारत बांधू देऊ नये, असे त्यात बजावले आहे. कोट बांधावयास येणारा निराळा आणि दुकान मांडावयास येणारा निराळा. झवेरी बाजारातला बंगाली कारागीर आणि सोनापट्टीतला आपला गलाईवाला हे दोघेही दुसऱ्या प्रकारचे आहेत, आणि एकाला आपण उपरा म्हणून हिणवले तर दुसऱ्याच्या अभयाची मागणी कोणत्या तोंडाने करणार?

२०२५च्या जुलैत मराठ्यांच्या बारा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत कोकणचा विजयदुर्गही आहे. आपल्या दुर्गांची कदर होऊ लागली हे भाग्यच. पेठांची मात्र कोणी नोंद ठेवत नाही. मुंबईतील इराण्यांची हॉटेले एकामागून एक बंद पडली. जुन्या बाजारांचा पुनर्विकास होतो तेव्हा इमारतीचे चटईक्षेत्र मोजले जाते, पण तीन पिढ्या त्याच उंबऱ्यावर बसलेल्या दुकानदाराची वहिवाट मोजली जात नाही. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला, त्यात पाहणी करून प्रमाणपत्र देण्याची आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमण्याची तरतूद आहे. आपल्या महानगरपालिकांनी तो कायदा अक्षरशः अमलात आणावा, आणि जुना बाजार पाडताना तेथील दुकानांना त्याच पेठेत, त्याच शेजारात पुन्हा जागा देण्याची अट घालावी, एवढे जरी झाले तरी पुष्कळ साधेल.

वाचकांना माझी विनंती याहून साधी आहे. कोलकात्यास गेलात तर शिवाजी द्वाराला नमस्कार अवश्य करा, आणि मग पहाटे टिरेट्टा बाजारात जाऊन उभ्या-उभ्या एक बाओ खा, विकणाऱ्याशी दोन शब्द बोला. परत आल्यावर आपल्या गावच्या बाजारात जो दूरच्या मुलखातून येऊन गाळा घेऊन बसला आहे, त्याला एकदा त्याचे गाव विचारा, आणि येथे निर्धास्त राहा असे सांगा. पेठेचा कौल देण्याचा अधिकार पूर्वी राजाकडे होता; आज तो आपल्या प्रत्येकाकडे आहे.