मुलाखत मुलीची, तयारी घराची

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या भाचीची नोकरीसाठी मुलाखत होती. जायचे कुठेच नव्हते, सकाळी अकराला मोबाईलवरच व्हिडिओने बोलायचे होते. मुलगी बी.कॉम. झालेली, आठ दिवस अभ्यासात बुडालेली. नेमके अकराला शेजारी टीव्ही लागला, घरात कुकरची शिट्टी झाली, आणि गावाहून मावशीचा फोन येऊन लाइनच तुटली. पुन्हा जोडेपर्यंत साहेबांनी पुढच्या उमेदवाराला घेतले होते. पोर दिवसभर जेवली नाही. आम्हांला तिच्याकडे बघवेना, कारण कुकर आम्हीच चढवला होता.

२०२० च्या टाळेबंदीत ही पद्धत रूढ झाली आणि पुढेही राहिली. एका परीने ती आपल्या सोयीची आहे. पुण्या-मुंबईच्या नोकरीसाठी एस.टी.चे भाडे नको, कामाचा खाडा नको. पण पूर्वी खोली आणि खुर्ची कंपनीची असे, आता ती उमेदवाराने आणायची. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्याला हे जाणवतही नाही. जिथे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे हुशार मुलगीही मागे पडते. म्हणून ही तयारी साऱ्या घराने करायची आहे.

घरच्यांनी तो एक तास मुलीला द्यावा. स्वयंपाक आधी उरकावा, लहानांना बाहेर न्यावे, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. सांगितले तर शेजारी ऐकतात, हा आमचा अनुभव आहे.

मुलीने मोबाईल पूर्ण चार्ज करावा आणि दिवसाचा डेटा राखून ठेवावा. व्हिडिओला तो भराभर जातो. आलेली लिंक आदल्या दिवशी तपासावी. भावाच्या खात्यावरून बोलणार असाल तर पडद्यावर नाव कोणाचे येते तेही बघावे, नाही तर साहेबांसमोर भावाचे टोपणनाव झळकायचे! मोबाईल हातात न धरता डब्यांवर डोळ्यांच्या उंचीला टेकवावा. खिडकी समोर हवी, पाठीमागे असली तर चेहरा काळवंडतो. बोलताना कॅमेऱ्याकडे पाहावे. प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्यावे, कारण आवाज उशिरा पोहोचतो. ऐकू आले नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने बोलून, रेकॉर्ड करून स्वतः ऐकावे.

व्हिडिओच्या वेळी इतर फोन येणार नाहीत अशी सोय मोबाईलमध्ये करावी. मुलाखत नुसत्या फोनवर असेल तर मात्र ही सोय बंद ठेवावी आणि अनोळखी नंबरही उचलावा. बायोडाटा व वही-पेन समोर असावे.

एक गोष्ट आईवडिलांनी ध्यानात ठेवावी. मुलाखतीच्या नावाखाली नोंदणीचे, गणवेशाचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

परवा भाचीची दुसरी मुलाखत झाली, ती विहाराच्या अभ्यासिकेत. दुपारी तिथे कोणी नसते. आम्ही किल्ली मागून घेतली आणि तासभर दाराबाहेर बसून राहिलो. निकाल अजून यायचा आहे, पण या वेळी तिला सगळे बोलता आले. घरी येऊन ती पोटभर जेवली.

वस्त्यावस्त्यांतील अभ्यासिकांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. एक टेबल, एक खुर्ची आणि दाराला कडी एवढीच ही सोय आहे. मुलाखत असलेल्या मुलामुलींसाठी दुपारचा एक तास राखून ठेवा, आणि तशी पाटी फळ्यावर आजच लिहा.