गिअर म्हणजे पळवाट नव्हे

फिक्स्ड गिअरच्या सायकलवरून लांबचा प्रवास करणारे हौशी लोक आजही आहेत. आपल्या नेहमीच्या सायकलला फ्रीव्हील असते, म्हणून उतारावर पाय थांबवता येतात. फिक्स्ड गिअरमध्ये चाक फिरते तोवर पेडलही फिरतेच. ‘खरे श्रम याच सायकलवर, गिअर ही पळवाट,’ असे काहीजण म्हणतात. त्यांची जिद्द मान्य करूनही मला हे पटत नाही.

थॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पेडल थेट ५० इंची पुढच्या चाकाला जोडलेले. म्हणजे एका फेरीत अंतर सुमारे ४ मीटर. सपाटीवर हे ठीक. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरताना मात्र पेडल मिनिटाला १२५ वेळा फिरणार! आणि अवघड चढावर त्याला सायकल ढकलावीच लागे.

आता हिशेब पाहा. सायकल व स्वार मिळून ८० किलोग्रॅम वस्तुमान १०० मीटर उंच नेण्यास ७८,४०० ज्यूल कार्य लागते. गिअर त्यातला एकही ज्यूल वाचवत नाही. तो लागणारे बल कमी करतो आणि पेडलच्या फेऱ्या वाढवतो. स्नायू मोठ्या बलाने लवकर थकतात, म्हणून यंत्र शरीराला जुळवून घेणे यात शहाणपणा आहे.

शिक्षकांनी साधी यंत्रे शिकवताना एक सायकल वर्गात आणावी. विद्यार्थ्यांनी दोन्ही दंतचक्रांचे दाते मोजावेत. पुढे ४८ व मागे १६ असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरेल?