मौनावर पोसलेला बाजार

मुंबईच्या मढमधील बंगल्यात चित्रित झालेले दृश्य प्रवरेकाठच्या कोल्हारमध्ये मोबाईलवर उमटायला क्षण पुरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या बंगल्यावर पोलिसांनी छापा घातला आणि तपास ‘हॉटशॉट्स’ या ॲपपर्यंत पोहोचला. वेब मालिकेतील भूमिकेचे आमिष दाखवून तरुणींचे अश्लील चित्रीकरण केले, असा पोलिसांचा आरोप आहे. जुलैमध्ये उद्योजक राज कुंद्रा यांना अटक झाली. त्यांनी आरोप फेटाळले. सप्टेंबरमध्ये त्यांना जामीन मिळाला. न्यायनिवाडा न्यायालयाचा.

प्रश्न एका ॲपचा नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अश्लीलतेवरून १८ ओटीटी मंच बंद केले, तेव्हा त्यांतील एका ॲपचे डाउनलोड १ कोटीहून अधिक होते. जुलै २०२५ मध्ये आणखी २५ मंचांवर बंदी आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास व १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु कायद्याला साक्ष लागते आणि फसवली गेलेली मुलगी घराच्या अब्रूच्या धाकाने गप्प बसते. पाहणारा उजळ माथ्याने वावरतो, कलंक मात्र तिच्या कपाळी!

भगवतीपुढे जोडले जाणारे हात अशा लेकीच्या पाठीवर ठेवले जातील, त्या दिवशी या बाजाराचा पाया खचेल.