दहाच्या ठोक्याला अडलेले सूर

मुंबईत १९७८ साली जॅझ महोत्सव सुरू झाला, तेव्हा निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘जॅझ यात्रा’ असे अस्सल देशी नाव दिले. पहिल्याच वर्षी सनी रोलिन्स यांच्यासारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक येथे येऊन गेला. पुढे धोबीतलावचे रंगभवन हे या यात्रेचे माहेरघर बनले. उघड्या आकाशाखालचा हा मंच आता मूक आहे. शेजारी महाविद्यालय, जवळच रुग्णालये. त्यामुळे रंगभवन शांतता क्षेत्रात गेले आणि तेथील मैफली थांबल्या.

यात नियमाला दोष देणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, ते कर्ण्यांच्या उच्छादाने नागरिक हैराण झाल्यामुळेच. रुग्णाची झोप ही कोणत्याही मैफलीपेक्षा मोलाची आहे, याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो या नियमाचा भार कोणाच्या वाट्याला आला, हा.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. मात्र बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट आहे. त्यामुळे जॅझला आसरा मिळाला. वातानुकूलित सभागृहांत तो आजही ऐकू येतो; अर्थात तिकीट परवडणाऱ्यांना. ज्या लोककलेला भिंतीच नाहीत, तिने जावे कोठे? गावची जत्रा ही तमाशाची खरी रंगभूमी. शेतीची कामे, देवदर्शन आणि जेवणखाण उरकून प्रेक्षक तंबूत येतो, तोच मुळी नऊ-साडेनऊला. गण, गवळण, बतावणी होईतो दहाचा ठोका पडतो आणि ज्यासाठी माणसे जमलेली असतात, तो वग अडतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत ज्या फडांना सुपाऱ्या मिळतात, त्यांच्या पोटाचा हा प्रश्न आहे.

जॅझ आणि तमाशा यांची तुलना कोणाला ओढूनताणून केलेली वाटेल. पण दोघांचा प्राण उत्स्फूर्ततेत आहे. सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी काय किंवा सॅक्सोफोनवादकाचा ऐनवेळचा विस्तार काय, दोन्ही समोरच्या श्रोत्यांच्या दादेवर फुलतात. त्यांना घड्याळाच्या चौकटीत कोंबले, की सांगाडा तेवढा उरतो. शिवाय या दोन परंपरांची ओळख जुनी आहे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या संगीतासाठी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ घेतली, तेव्हा हॉटेलांतला जॅझ गल्लीबोळांत पोहोचला.

नियमात पळवाट नव्हे, पण वाट जरूर आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. मात्र त्यांतील बरेचसे दिवस गणेशोत्सव, नवरात्र, ३१ डिसेंबर अशांत खर्ची पडतात. जत्रा तर प्रत्येक गावाची निराळ्या तिथीला. जिल्ह्यासाठी एकच यादी ठरवली, की तिला त्यात जागा उरत नाही. परिणामी सवलतीच्या रात्री ‘डीजे’च्या भिंती दणाणतात आणि हाडामांसाचा कलावंत नियमाच्या कचाट्यात सापडतो. हा विरोधाभास क्लेशदायक आहे.

तेव्हा मागणी नियम मोडण्याची नसावी. विवेकाने वापरण्याची असावी. त्या १५ दिवसांतील काही दिवस जत्रांच्या तिथ्यांप्रमाणे गावनिहाय वाटता येतील का, हे शासनाने कायदेतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. शहरांत रुग्णालये आणि शाळांपासून दूर, आवाजाची मर्यादा पाळणारे खुले रंगमंच उभारावेत. तेथे माफक तिकिटात जॅझही व्हावा आणि ढोलकीही कडाडावी. लोककलावंतांना महोत्सवात उद्घाटनापुरते नाचवायचे आणि मुख्य कार्यक्रमाची वेळ इतरांना द्यायची, ही प्रथाही मोडायला हवी. नपेक्षा खुल्या मंचावरचे संगीत केवळ आठवणींत उरेल. आणि त्या शांततेचे श्रेय रुग्णांच्या झोपेला नव्हे, तर आपल्या अनास्थेला द्यावे लागेल.